वाळा मास्तरांचे मडके

वाळा मास्तरांच्या घरी गेले की प्रथम मडक्याची प्रकृती विचारावी लागे, माणसांची नंतर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. दारातून हाक मारली, उत्तर आले नाही. ओसरी ओलांडून पाहिले, तर भाताच्या तुसाने भरलेल्या कणगीत मास्तर कमरेपर्यंत ओणवे झाले होते. पाय तेवढे बाहेर. त्यांनी एक हात वर करून मला थोपवले. बऱ्याच वेळाने डोके बाहेर काढले. कानात, भुवयांत, मिशीत तूस होते.

"बोलतंय," ते कुजबुजले.

"कोण?"

"हळू. त्याला ऐकू जातं."

तुसात पुरलेल्या मडक्यात त्यांचे आसव मुरत होते आणि ते त्याची बुडबुड ऐकत होते. मी परत वळलो. त्यांनी माझा सदरा धरला आणि मलाही कान लावायला लावला. मी जव्हारच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होतो. गाड्यांची घोषणा करणे हे माझे काम. ऐकून घेणे मला कधी जमले नाही. तरी ऐकले. आत कोणीतरी तोंडात पाणी धरून तक्रार करत असावे, असा आवाज होता. तशा तक्रारी मी नोकरीत पुष्कळ ऐकल्या होत्या. मी तसे म्हणालो. मास्तरांना ते फार आवडले. तेव्हापासून ते मला घरचा माणूस समजू लागले. माझी संमती त्यांनी विचारली नाही.

आश्रमशाळेत त्यांनी गणित शिकवले होते. खरे नाव हजेरीपटापुरते राहिले. ओढ्याकाठच्या वाळ्याची मुळे धुऊन ते टोपीच्या अस्तरात शिवत आणि सकाळी टोपी पाण्यात बुडवून डोक्यावर घालत. त्यामुळे त्यांचा सुवास त्यांच्या आधी पोहोचे, आणि त्यांनी मान डोलावली की समोरच्याच्या चहात थेंब पडत. निवृत्तीनंतर मी मोखाड्यात घर केले, ते नेमके त्यांच्या शेजारी. शेजार निवडता येत नाही.

आसवाचे पोथीतले नाव उशीरासव. वाळ्याला संस्कृतात उशीर म्हणतात. नावावरून कोणी विनोद केला तर मास्तर त्याला औषध देत नसत. घोळणा फुटणे, उन्हाळी लागणे, लघवीची आग होणे, अंगावरून जास्त जाणे, अशा तक्रारींवर ते थंड म्हणून सांगितले आहे. मडक्याला आतून तूप चोळायचे, जटामांसी आणि मिऱ्याची धुरी द्यायची. वाळा, उंबराची साल, मनुका, साखर, मध आणि पाणी भरायचे. आसव आंबावे म्हणून धायटीची लाल फुले घालायची. तोंडावर झाकणी, तिच्यावर मातीने माखलेल्या कापडाचे थर. मग तूस. पुढे महिनाभर मडके हलवायचे नाही, उघडायचे नाही, तापू द्यायचे नाही आणि त्याच्यासमोर भांडायचे नाही. शेवटचा नियम पोथीत नाही. तो मास्तरांचा.

तो नियम ते सक्तीने पाळायला लावत. एकदा वस्तीवरचे दोघे भाऊ बांधाचा तंटा घेऊन त्यांच्या ओसरीवर आले. धाकट्याच्या हातात कोयता होता. मास्तरांनी कोयता काढून घेतला नाही, फक्त कणगीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "काय ते भांडा, पण कुजबुजत." दोघे कुजबुजत भांडू लागले. थोरला कानाशी लागून म्हणाला, "तुला ठार करीन." धाकट्याला ते ऐकू आले नाही. त्याने विचारले, "काय बोललास?" थोरल्याने पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी त्याला स्वतःलाच हसू फुटले. बांध अजून तिथेच आहे. तंटा मात्र परत ऐकू आला नाही. कदाचित कुजबुजत चालू असेल.

औषधाला गुण होता का, हे मी सांगणार नाही. मास्तर प्रत्येक मात्रेमागे तांब्याभर पाणी पाजत आणि माणसाला दुपारभर सावलीत बसवून ठेवत. लोक बरे होत. गुण आसवाचा, पाण्याचा की सावलीचा, याचा निवाडा कधी झाला नाही. तो करावा, असे बरे झालेल्यांपैकी कोणाला वाटले नाही.

जगातील यच्चयावत बिघाड उष्णतेमुळे होतो, हा त्यांचा सिद्धांत होता. अवेळी आरवणाऱ्या कोंबड्याला त्यांनी आसव पाजले. कोंबडा दोन दिवस तिरका चालला आणि पुढे आरवायचाच थांबला. मालकीण भांडायला आली, ती अर्थात कुजबुजत. एकदा जव्हारची दुपारची गाडी चढावर तापून उभी राहिली. मी तिच्यात होतो. मास्तर बाटली घेऊन उतरले आणि रेडिएटरचे झाकण शोधू लागले.

चालक म्हणाला, "मास्तर, गाडीला लघवीचा त्रास नसतो."

"लघवीच होत नाही ना तिला," मास्तर म्हणाले, "म्हणून तापते."

चालक झाकणापुढे आडवा उभा राहिला. सेवेत असतो तर त्या चालकाकडून मी लेखी खुलासा मागवला असता.

ते गावच्या दारूबंदी समितीचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या मडक्यात जे होते त्यातही थोडा अंमल असतो, हे समितीतल्या बायकांना कळले, तेव्हा त्या काठ्या घेऊन आल्या. मास्तरांनी त्यांना शांतपणे सांगितले, "दारू उष्ण, आसव थंड. दोन्ही बुडबुडतात म्हणून ती भावंडं होत नाहीत." बायकांनी एकेक मात्रा घेऊन तपासणी केली. तपासणी लांबली. समितीने मडके निर्दोष ठरवले आणि दरवर्षी तपासण्याचा ठराव केला.

मास्तरीणबाई या सगळ्यात शांत असत. मास्तर मडक्याशी बोलत, बाई भाकरी भाजत. त्यांनी मला एकदाच सांगितले, "भावजी, सवत असती तर भांडता आलं असतं. या मडक्यासमोर तर भांडायचीही चोरी."

मग एका फाल्गुनात मी सकाळी लघवीला बांधाकडे गेलो असता मास्तर माझ्या पुढेच उठून गेलेले दिसले. ते जिथे बसले होते तिथला दगड लाल झाला होता. मी त्यांना गाठले.

"रक्त आहे," मी म्हणालो.

"बीट खाल्लं होतं काल."

त्या आठवड्यात मोखाड्याच्या बाजारात बीट आले नव्हते. मी बाजार पाहिला होता. तसे मी त्यांना सांगितले. ते टोपी सारखी करत म्हणाले, "कंट्रोलर, तुमची नजर वाईट आहे."

मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली आणि स्पष्ट सांगितले: मूत्राशयात गाठ आहे, नाशिकला जाऊन दुर्बिणीने पाहून काढायला हवी, लगेच. थांबलात तर पिशवी काढावी लागेल, त्याहून थांबलात तर काढण्यासारखे काही उरणार नाही. मास्तरांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "महिनाभराने चालेल?"

"का?"

"मडकं कालच लावलंय. त्याच्याजवळून उठता येणार नाही. शिवाय माझंच दुखणं त्याच्या हद्दीतलं. तयार झालं की मी ते घेईन. मग बघू, गाठ राहते का."

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी जमिनीकडे पाहिले. माझ्या उमेदीत एखादा प्रवासी फलाटावर उभा राहून सुटणारी गाडी बघत राही आणि चढत नसे. त्याला मी ओरडून चढवत असे. इथे ओरडण्याची सोय नव्हती. मडके घरून ऐकत होते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मास्तरांचा चेहरा वाळ्यासारखा पिवळा पडू लागला. धोतरावरचे डाग बाई पहाटे धूत. मी रोज जाऊन एकच वाक्य बोलत असे: "नाशिक." ते एकच उत्तर देत: "अजून बोलतंय." शेवटी बाईंनी मला बोलावले आणि मास्तरांसमोरच, पूर्ण आवाजात म्हणाल्या, "भावजी, कणगीतून मडकं काढा. ते जाईल तिथं हे जातील."

मास्तर दचकले. मडके हलवणे हा अधर्म होता. परंतु बाईंनी मडक्यासमोर आवाज चढवला होता, हा त्याहून मोठा अधर्म होता, आणि पहिल्यांदाच झाला होता. मास्तरांनी कणगीतले तूस हाताने सारखे केले. मग म्हणाले, "तुसासकट न्यावं लागेल."

मोखाड्याहून नाशिकला जाणाऱ्या जीपमध्ये माणसे किती बसतात हे त्या रस्त्यावरच्यांना सांगायला नको. त्या दिवशी त्यांत तुसाने भरलेली टोपली आणि टोपलीत मडके होते. मास्तरांनी चढताच नियम सांगितले. मोठ्याने बोलायचे नाही, खिडकी उघडी ठेवायची, मडक्यावर ऊन येऊ द्यायचे नाही, आणि हॉर्न वाजवायचा नाही.

"हॉर्न नाय वाजवायचा?" ड्रायव्हर म्हणाला. "मास्तर, फुडं तोरंगणचा घाट हाय!"

"हळू बोल," मागून एक म्हातारी बोलली. "ऐकतंय ना तं."

घाट चढून जाईपर्यंत ती जीप जितकी शांत होती, तितकी शांत जीप मी सेवेत किंवा सेवेबाहेर पाहिलेली नाही. प्रत्येक वळणावर ड्रायव्हर डोके बाहेर काढून समोरच्या गाड्यांना हाताने खुणा करत होता. एका बाईच्या मांडीवरचे पोर रडायला लागले, तर सगळ्या जीपने ओठांवर बोट ठेवले. पोर घाबरून गप्प झाले. मास्तरांच्या धोतरावर ताजा डाग आला होता. बाईंनी त्यावर पदर पसरला आणि बाहेर पाहत राहिल्या.

नाशिकच्या दवाखान्यात सिस्टरने विचारले, "पेशंटजवळ कोण थांबणार?" मास्तर टोपलीकडे पाहून म्हणाले, "हे." सिस्टरने खूप ऐकवले. मास्तरांनी तिला हळू बोलण्याची विनंती केली. मडके अखेर खाटेखाली राहिले. दुसऱ्या दिवशी तपासणारी डॉक्टर आली. तरुण मुलगी, झोप न झालेली.

"बाबा, उद्या सकाळी घेते तुम्हाला. इथे सही करा."

"आत अजून काम चाललंय, बाई. ते थांबलं की करतो."

"कुठे आत?"

मास्तरांनी खाटेखाली बोट दाखवले. डॉक्टर वाकली. तिने मडके पाहिले, मला पाहिले, पुन्हा मडके पाहिले. "आणि तुमच्या आत रोज रक्त चाललंय, ते?"

"त्याच्यासाठीच तर हे आहे."

मग वॉर्डाने त्यात लक्ष घातले. जो उठू शकत होता तो येऊन मडक्याला कान लावून जाऊ लागला. मुतखड्याचा एक शेतकरी म्हणाला, "थांबलं." त्याचा जावई म्हणाला, "कुठं थांबलं? उलट जोरात आहे." पायाला वजन टांगलेल्या एका इसमाने मडके आपल्या खाटेजवळ आणण्याचा आग्रह धरला, कारण त्याला उठता येत नव्हते आणि मतदानाचा हक्क त्यालाही होता. मत विभागले गेले. सही राहिली. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितले की खाट अडवून ठेवता येत नाही. उद्या सही झाली नाही तर घरी न्या, आणि घरी नेलेत तर पुन्हा आणू नका, कारण तेव्हा माझ्या हातात काही नसेल. ती कठोरपणे बोलली. मला ती आवडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मडके फुटले.

टायर फुटल्याचे सर्व प्रकारचे आवाज मी ओळखतो. हा त्यांहून ओला होता. झाकणी छताला लागून सिस्टरच्या टेबलावर पडली. तपकिरी फेस सगळ्या खाटांखालून वाहत गेला. वॉर्डभर गूळ, माती आणि पाऊस न पडलेल्या रानाचा वास पसरला. टांगलेल्या पायाचा इसम ओरडला की आपल्याला कौल मिळाला. सफाईवाली मावशी दारात येऊन म्हणाली, "कोणाचा बॉम्ब हा? ज्याचा असेल त्याने पुसायचा!"

मास्तर खाटेवरून उतरले. ओल्या फरशीवर उकिडवे बसले. एक खापरी उचलून तिच्याकडे पाहिले, ती उशाशी ठेवली. नंतर त्यांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय प्रथमच पाहत होतो. डोके लहान होते.

"आता मोकळा झालो," ते डॉक्टरला म्हणाले. "सही कुठे करायची?"

मी बाहेर आलो. व्हरांड्यात बाई भिंतीला टेकून पदर पिळत होत्या.

"सकाळपासून उन्हात सरकवत होते मी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "खिडकीतलं ऊन हललं की मडकं हलवायचं. भावजी, माणूस मोठा की मडकं?"

"त्यांना कळलं तर?"

"त्यांना कळलं नसेल? तुसाचा कण पडला तरी जागे होतात. डोळे मिटून पडले होते सकाळभर. झोपलेले नव्हते." त्यांनी पदर झटकला. "त्यांच्या हातून झालं नसतं. माझ्या हातून होऊ दिलं."

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली. पिशवी राहिली. पुढे तपासण्या झाल्या, त्या मास्तरांनी न चुकता केल्या. मोखाड्यात परतल्यावर लोकांनी विचारले, तेव्हा मास्तरांनी खरे तेच सांगितले: आसवाचा एक थेंब न घेता, डॉक्टरच्या हातून बरा झालो. पण त्यांनी एक वाक्य अधिक जोडले: "मडकं फुटलं, म्हणून झालं."

हे वाक्य डोंगर ओलांडून वावर-वांगणीपर्यंत गेले. वांगणीचा लहानू, वीटभट्टीवरून परतलेला, पुढच्याच महिन्यात आला. त्यालाही रक्त जात होते. मास्तर त्याला म्हणाले, "आसव देणार नाही. आधी नाशिक." लहानूने बाजारातून मातीचे कोरे मडके घेतले, जीपने नाशिकला गेला, दवाखान्याच्या फाटकावर ते फोडले आणि दाखल झाला. मुतखडा निघाला. परत येऊन त्याने मास्तरांच्या पायांवर डोके ठेवले.

मास्तर संतापले. इतके संतापले की नवे मडके कणगीत असताना मोठ्याने बोलले. "रिकामं मडकं फोडून काय होतं रे, गाढवा? त्यात काही मुरलेलं तरी हवं!"

लहानू म्हणाला, "डाक्तरला काय व्हतं, मला नाय ठाव. पन मडका हातात दिसला का घरातला कोनी आडवा येत नाय. सासरा नाय, भगत नाय, का पैशे नाय म्हननारी बायको नाय. समद्यांना समजतं, हा फोडूनच येनार. नायतर मी जातो बोललो आन सा महिने घरीच बसलो व्हतो ना."

मास्तरांनी यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून कोऱ्या मडक्यांची उतरंड आणून ओसरीत रचली. त्यापुढे घोळणा फुटलेल्याला, उन्हाळी लागलेल्याला ते आसव देत, रक्त पडते म्हणणाऱ्याला रिकामे मडके देत आणि सांगत, "हे इथं परत आणायचं नाही." अखेरच्या वर्षांत त्यांच्या हातून आसवापेक्षा रिकामी मडकीच जास्त गेली. वैद्यकात ही प्रगती म्हणावी की अधोगती, मी अद्याप ठरवलेले नाही. नाशिकच्या त्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने कायमची केरसुणी ठेवली आहे, असे ऐकतो.

मास्तर गेल्या पौषात गेले. रक्ताने नाही, छातीत कफ झाला. थंड माणसाला थंडीने नेले, असे बाई म्हणाल्या आणि मग रडल्या. मी खांदा दिला. त्यापलीकडे लिहिण्यासारखे माझ्याजवळ नाही.

या उन्हाळ्यात एके सकाळी मला रक्त दिसले. मी कोणाला बोललो नाही. गाडीची वेळ मी आयुष्यभर लोकांना सांगितली; स्वतःला सांगायला सवड काढत होतो. चौथ्या दिवशी बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी कसे ओळखले, मी विचारले नाही. मास्तरांच्या घरात जन्म काढलेल्या माणसापासून लघवीची गोष्ट लपत नाही. त्यांच्या हातात कोरे मडके होते.

"जीप लागली आहे, भावजी."

"मी असले काही मानत नाही."

"मानायला कोण सांगतंय? धरा."

मी धरले. स्टँडवर जीप गच्च भरली होती. ड्रायव्हरने माझ्या हातांकडे पाहिले आणि पुढच्या सीटवरच्या तरुणाला मागे पाठवले. कोणी काही विचारले नाही. मागे चाललेला मोबाइलचा आवाज आपोआप बंद झाला.

नाशिकला काय झाले, ते इथे लिहिण्याचे कारण नाही. हे लिहायला मी बसलो आहे, तेवढे पुरे. ते मडके मी फोडण्यासाठीच नेत होतो. तरी तोरंगणच्या घाटात प्रत्येक वळणावर मी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवले.